शेवटच्या रकान्यातली रेघ

आमच्या भागात भाजीत काय काय घातलंय असं बाईला विचारलं, तर ती कांदा सांगते, लसूण सांगते, काळा मसाला सांगते, कोथिंबीरसुद्धा सांगते. मीठ सांगत नाही, पाणी सांगत नाही आणि कूट सांगत नाही. शेंगदाणे भाजायचे, सोलायचे, जाडसर कुटून डब्यात भरून ठेवायचे आणि भाजी शिजत आली की मूठभर टाकायचे, हे बारामती-इंदापूरकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दोडक्यात कूट, गवारीत कूट, मेथीत कूट, वांग्यात तर कूटच कूट. पण भाजीत शेंगदाणे आहेत का असं विचाराल, तर ती म्हणेल, छे, शेंगदाणे पोह्यात. अख्खे दिसतात तेच शेंगदाणे. एवढ्या साध्या गोष्टीवर मी कागद खर्ची घालतोय, कारण ही गोष्ट वेळेवर न सांगितल्यानं आमच्या घराचं वाटोळं झालं. आणि न सांगणारा मी होतो.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी चौथीत होतो. निमगाव केतकीची पोर, स्वतःच जेमतेम अठराची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला, नाकातून शेंबूड गळणाऱ्या पोराला, "भाऊजी, तुमी च्या घेता का दूद?" असं विचारलं. मला इतकं हसू आलं की दूध नाकातून बाहेर आलं. पण तिनं ते अहोजाहो कधी सोडलं नाही. आई लवकर गेली, त्यामुळे मला जेवू घातलं ते तिनंच. शाळेचा डबा तिचा, कॉलेजचा डबा तिचा, माझं लग्न जमवलं तेही तिनंच. तिला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती एक अक्षर बोलायची नाही आणि कुणी बोललं तर उठून आत जायची.

भाऊ एका दूध डेअरीवर कामाला होता. एका दुपारी कामावरच छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळी तो घरी आला तो झाकलेला. तेराव्यानंतर महिनाभर वहिनी भिंतीला टेकून बसून होती. मग एक दिवस दवाखान्यात दाखल असलेल्या आमच्या एका ओळखीच्याला तिनं डबा पाठवला. त्याच्या शेजारच्या खाटेवाल्यानं विचारलं, आम्हाला मिळेल का? अशी खानावळ सुरू झाली. पाटी नाही, नाव नाही. दवाखान्यातल्या लोकांना रिक्षावालेच सांगायचे, घरचं जेवायचं असेल तर त्या बाईकडं जावा.

मी तेव्हा कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून द्यायचं काम करायचो. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, रेशनकार्डावर नाव चढवणं, नाव कमी करणं. फुशारकी मारत नाही, पण अर्ज भरण्यात माझा हात धरणारा बारामतीत दुसरा नव्हता. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो होतो. रकाना मोकळा सोडायचा नाही आणि त्यात गरजेपेक्षा एक शब्द जास्त लिहायचा नाही. जास्त लिहिलं की टेबलामागचा माणूस प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारला की अर्ज परत येतो. काही सुचलं नाही तर आडवी रेघ मारायची. रेघेला कुणी काही विचारत नाही. या माझ्या हुशारीचं त्या काळी मला फार कौतुक होतं.

खानावळीची अन्न खात्याकडची नोंदणी मीच करून घेतली, वहिनीच्या नावानं. पुढे एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची मेस चालवायला घेता का, अशी विचारणा झाली. वहिनीचा आनंद बघण्यासारखा होता. "पोरींला करून घालायचं," एवढंच ती म्हणाली आणि दिवसभर तेच म्हणत राहिली. पण मेससाठी कागद वाढले. मोठा परवाना, पाणी तपासल्याचा दाखला, झुरळांची फवारणी केल्याची नोंद, भांडी धुण्याची वेगळी जागा, डोक्याला टोपी, आणि स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाची डॉक्टरकडून तपासणी. टोपी घालून वहिनी पहिल्यांदा चुलीसमोर उभी राहिली तेव्हा माझी बायको हसून हसून खाली बसली. वहिनीनं पदर टोपीवरून घेतला. म्हणाली, "आता कसं? तेंचंबी झालं, माजंबी झालं." डॉक्टरनं नखं बघितली, टोचून रक्त घेतलं आणि सही करून दिली. तो कागद तिनं पिशवीत घालून देवाच्या फळीवर ठेवला. दवाखान्यातून तिच्या हाती आलेला, दुखणं न सांगणारा तो पहिलाच कागद होता.

खात्याच्या नियमाप्रमाणे आमच्यापैकी एकाला एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं लागणार होतं. मी गेलो. शिकवायला एक तरुण बाई होत्या. मला वाटलं होतं, वाचून दाखवतील आणि चहा पाजून सोडतील. पण त्या बाई जीव तोडून सांगत होत्या. शिळं कसं ओळखायचं, गरम किती गरम ठेवायचं, तळणीला वापरलेलं तेल पुन्हा कितीदा वापरायचं. मग त्या म्हणाल्या, काही लोकांच्या अंगाला एखादा पदार्थ अजिबात सोसत नाही. गहू, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, शेंगदाणे. म्हणून कशात काय आहे ते लिहून लावायचं. आणि मग माझ्याकडे, खरंच माझ्याकडेच बघून म्हणाल्या, "आपल्याकडं कूट घालतात ना, ते पण शेंगदाणेच. विसरू नका." मी वहीत लिहून घेतलं. "कूट. सगळ्यात." आणि खाली दोन रेघा ओढल्या. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.

हे मला माहीत होतं. मी विसरलो नव्हतो, झोपलो नव्हतो, मला कुणी चुकीचं सांगितलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्यासाठी सबब शोधू नये.

घरी येऊन मी मेसचा आठवड्याचा तक्ता करायला बसलो. वार, पदार्थ, शाकाहारीचा हिरवा ठिपका आणि शेवटी, काही लोकांना न सोसणारं त्यात काय आहे, त्याचा रकाना. नमुना म्हणून कॉलेजनं पुण्यातल्या एका केटररचा तक्ता दिला होता. काय देखणा होता तो! शेवटच्या रकान्यात दोन ठिकाणी दूध, एका ठिकाणी गहू, बाकी सगळीकडे रेघा. मी आमचा तक्ता संगणकावर भरत गेलो. सोमवार, दोडका, शेंगदाणे. मंगळवार, गवार, शेंगदाणे. बुधवार, वांगं, शेंगदाणे. गुरुवारपर्यंत आलो आणि मला आमचा तक्ता बघून लाज वाटली. हे लोक शेंगदाण्याशिवाय दुसरं काही खातच नाहीत की काय, असं तो बघणाऱ्याला वाटलं असतं. कॉलेजच्या बाई हसतील, म्हणतील, खेड्यातली माणसं आणली. आणि विचारतील, एवढं कशाला लिहिलंय? मग समजावत बसावं लागेल.

मी वहिनीला हाक मारली. "वहिनी, शेंगदाणे कशाकशात घालता?"

ती भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "पोह्यात. साबुदाण्यात. आन् चटणीत."

मला जे ऐकायचं होतं ते तिनं सांगितलं. मी पोहे, खिचडी आणि चटणी यांच्यासमोर शेंगदाणे ठेवले आणि सगळ्या भाज्यांपुढचे खोडून तिथं रेघा मारल्या. तक्ता कसा स्वच्छ दिसायला लागला. त्याची रंगीत प्रत काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून मेसच्या भिंतीवर लावली. कॉलेजच्या बाई म्हणाल्या, छान केलाय. मला बरं वाटलं.

दीड महिना मेस उत्तम चालली. वहिनी पोरींना आग्रह करून वाढायची. परीक्षा असली की कुणाला शिरा, कुणाचं पोट बिघडलं की मऊ भात. पोरी तिला मावशी म्हणायच्या. ती घरी येऊन मला त्यांच्या गोष्टी सांगायची, कुणाचा बाप कसा आहे, कुणाला गावाकडं जायचं नाही. भाऊ गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मग ती कोकणातली मुलगी आली. प्रवेश उशिरा मिळाला म्हणून सगळ्यांच्या मागून आलेली. बारीक अंगाची, दोन वेण्या घालणारी. तिकडं भाजीत नारळ घालतात, कूट घालत नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. ती पहिल्याच दिवशी दुपारी जेवायला आली. मी दाराशी टेबल टाकून हजेरी घेत होतो. तिनं आधी भिंतीवरचा तक्ता वाचला. बाकी पोरी त्याच्याकडं ढुंकून बघत नसत, पण ही बोट लावून वाचत होती. मग ताट घेऊन ती माझ्याकडे आली.

"काका, या दोडक्याच्या भाजीत शेंगदाणे नाहीत ना? मला अजिबात चालत नाहीत."

माझ्यासमोर हजेरीचं रजिस्टर होतं, मागं पोरींची रांग होती. मी मान वर केली, भिंतीकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, "तिथं लिहिलंय की."

तिनं पुन्हा एकदा तक्त्याकडं बघितलं. "थँक्यू काका," म्हणाली आणि जाऊन बसली.

दोन घास खाल्ले असतील. एका पोरीनं ओरडून वहिनीला बोलावलं. मी गेलो तोवर तिचे ओठ सुजले होते, गळ्यावर लाल चट्टे उठले होते आणि ती दोन्ही हातांनी गळा धरून श्वास घेण्याची धडपड करत होती. श्वास जाताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. वहिनीनं तिला पाठीमागून धरून उभं केलं, वसतिगृहाच्या बाईंची गाडी आली, दवाखाना जवळ होता म्हणून आम्ही पाच-सात मिनिटांत पोचलो. गाडीत वहिनी सारखी म्हणत होती, "घास आडकला आसंल. बाई गं, घास आडकला आसंल." पोरीनं गळ्याला हात लावला त्याच क्षणी मला कळलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? वहिनी म्हणाली, दोडका. दोडक्यात काय घातलं होतं? वहिनी सांगायला लागली. "कांदा, लसूण, तिकाट, मसाला, कोथमीर."

"आणखी?"

"मीठ."

"आणखी काही? आठवून सांगा."

"आन् कूट," ती म्हणाली. आणि म्हटल्याबरोबर तिनं तोंडावर हात ठेवला. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, कूट शेंगदाण्याचंच की वो."

मी म्हणालो, "व्हय वहिनी."

पोरगी वाचली. दोन दिवस अतिदक्षता विभागात होती, पण वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे आईवडील रातोरात प्रवास करून आले. वडील एका कोपऱ्यात बसून राहिले. आईनं मात्र वहिनीला बघायचं म्हटलं. मी सोबत गेलो. ती बाई ओरडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "लहानपणी एकदा अशीच गेली होती हातातून. म्हणून सगळं विचारून खा म्हणून शिकवलंय तिला. तिनं विचारलं नाही का हो?"

"इचारलं आसंल," वहिनी म्हणाली. "माजंच चुकलं. मला सुदारलंच न्हाय." तिला सुचलंच नाही म्हणायचं होतं. घाबरली की तिचे शब्द असे मागंपुढं व्हायचे. मी तिच्या खांद्यामागं उभा होतो. पोरीनं विचारलं होतं, मला विचारलं होतं.

अन्न खात्याचे साहेब तिसऱ्या दिवशी आले. डबे उघडून बघितले, नमुने घेतले, तक्ता भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला. शांत माणूस होता. विचारलं, "हा तक्ता कुणी केला?" परवाना वहिनीच्या नावावर होता, म्हणून ते तिच्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी वहिनी म्हणाली, "मी सांगितलं तसं तेनी लिवलं, साहेब. तेंची काय चूक न्हाय. शेंगदाणं कशात घालता म्हून तेनी मला इचारलं व्हतं. मीच कूट सांगायचं इसरले."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या मान हलवण्यात खोटं काहीच नव्हतं, मी विचारलं होतं आणि तिनं तसं सांगितलं होतं. प्रशिक्षणाची वही माझ्या टेबलाच्या खणात होती. ती मी बाहेर काढली नाही.

मेस गेली. ती मुलगी बरी झाली आणि कॉलेज सोडून घरी गेली. तिच्या आईवडिलांना बारामतीवर पुन्हा भरवसा ठेवता आला नाही आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आम्हाला सुधारणेची नोटीस आली, काय काय लिहून लावायचं याची यादी आली आणि ती पुरी केल्यावर घरची खानावळ तेवढी चालू ठेवता आली. या खेपेला मी सगळ्या भाज्यांपुढं शेंगदाणे लिहिले. पण आता त्याची गरजच उरली नव्हती. वहिनीनं कुटाचा डबा रिकामा करून धुऊन पालथा घातला होता.

कुटाशिवायच्या भाज्या बेचव व्हायच्या. लोक म्हणायचे, मावशी, हात बदलला का? ती स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहून जेवणाऱ्याचं तोंड बघत बसायची. पहिला घास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला, मग आत यायची. नवीन माणूस आला की त्याचं जेवण संपेपर्यंत पडदा सोडायची नाही. एकदा एका म्हाताऱ्याला तिखटाचा साधा ठसका लागला. वहिनीच्या हातातली परात पडली आणि ती अनवाणी रस्त्यावर धावली, रिक्षा बोलवायला. म्हातारा पाणी पिऊन हसत होता तरी ती रिक्षावाल्याचा हात धरून रडत होती. त्या दिवसापासून ती चुलीकडं गेली नाही. माझी बायको स्वयंपाकाला उभी राहिली. वहिनी दारात बसून भाजी निवडायची, लसूण सोलायची. फोडणीचा वास आला की उठून गल्लीत जायची.

दोन वर्षं असं चाललं. मी रोज ठरवायचो, आज सांगू. कधी घरात पाहुणे असायचे, कधी तिला ताप असायचा. खरं म्हणजे रोज काहीतरी निमित्त सापडायचं, कारण मी ते शोधत असायचो. मी स्वतःला समजावलं होतं की सांगून आता काय होणार, मुलगी तर वाचली आहे, आणि वहिनी हळूहळू विसरेल. विसरणारी बाई नव्हती ती. हे मला चौथीपासून ठाऊक होतं.

चूल सुटण्याआधी दर पितृपक्षात भावाच्या तिथीचा स्वयंपाक वहिनी एकटी करायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. गवार, भोपळा, कढी, वडे, खीर, सगळं त्याच्या आवडीचं. मागल्या खेपेला तिथीच्या सकाळी मी उठून बघतो तर माझी बायको गवार मोडत होती आणि वहिनी बाहेर पायरीवर बसली होती.

मी म्हणालो, "वहिनी, आज तरी."

ती म्हणाली, "नगं. मेलेल्या माणसाला तरी चांगल्या हातचं जाऊ द्या."

मी आत गेलो, टेबलाचा खण उघडला, वही काढली आणि ते पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिला अक्षर लावून लावून वाचता येतं. तिनं बोट ठेवून वाचलं. "कूट. सगळ्यात."

"ह्ये कवा लिवलं?"

"तक्ता करायच्या आदी. शिकवायला गेलो व्हतो तवा. तिथल्या बाईनं सांगितलं व्हतं." मग मी सगळं सांगितलं. आधी सगळ्या भाज्यांपुढं शेंगदाणे लिहिले होते तेही, खोडले तेही, का खोडले तेही. त्या पोरीनं मला विचारलं होतं आणि मी भिंतीकडं बोट दाखवलं होतं, तेही सांगितलं. मी रडत होतो. मला वाटत होतं, आता ती माझ्या डोक्यावर हात ठेवेल. लहानपणी ठेवायची तसा. इतकं सगळं करून मला अजून तेच हवं होतं.

तिनं त्या शब्दांखालच्या दोन रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "साहेबाफुडं का बोलला न्हाय?"

"भ्यालो व्हतो, वहिनी."

"मीबी भ्यालेच व्हते की," ती म्हणाली.

मी बाहीनं डोळे पुसले. तीच पुढं म्हणाली, "दोन वरसं मी कुणाला पाण्याचा तांब्या द्यायलाबी भीत व्हते. तुमाला दिसत व्हतं ना?"

"दिसत व्हतं."

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. उठली, हातपाय धुतले आणि आत जाऊन माझ्या बायकोला म्हणाली, सर तू. शेंगदाणे भाजायला टाकले. त्या दिवशी गवारीत कूट पडलं. दोन वर्षांनी घरात तो वास आला. भावाचं पान वाढलं, कावळ्याला ठेवलं, आम्हाला वाढलं. सगळं पहिल्यासारखं झालं होतं, इतकं की माझी बायको खाताना डोळे पुसत होती. मला वाटलं, संपलं. सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं कपड्यांची पिशवी भरली आणि निमगावची एसटी धरली. माहेरी, तिच्या भावाकडं चार दिवस जाऊन येते म्हणाली. भांडली नाही, रागानं एक शब्द बोलली नाही. डेपोत मी पिशवी वर ठेवून दिली तेव्हा म्हणाली, "खानावळ संबाळा." चार दिवसांचे चार महिने झाले. फोन केला की तिची भावजय उचलायची आणि म्हणायची, त्या कामात हायत्या. मग कळलं की गावाबाहेर डाळिंबाचं पॅकिंग होतं त्या शेडवर बायामाणसांचा स्वयंपाक ती करते. तिथल्या नोंदणीचा अर्ज तिनं दुसऱ्या कुणाकडून तरी भरून घेतला होता. मी असताना.

माझ्यानं राहवेना. एका बाजारच्या दिवशी मी निमगावला उतरलो आणि चालत शेडवर गेलो. दुपारची वेळ होती. पन्नासेक बाया आणि काही गडी पत्र्याच्या सावलीत ओळीनं जेवायला बसत होते. वहिनी डोक्याला टोपी, त्यावर पदर, अशी वाढत होती. तब्येत सुधारली होती. हात झरझर चालत होता, कुणाला हसून काहीतरी बोलत होती. ते बघून मला इतका आनंद झाला की आपण कशाला आलोय तेच मी विसरलो. तिनं मला बघितलं. थांबली नाही. पुढं यायची खूण केली आणि ओळीत शेवटच्या माणसाशेजारी बसायला सांगितलं.

मी बसलो. वाढत वाढत ती माझ्यापर्यंत आली. वांग्याची पळी ताटावर धरली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "वांगं हाय. कूट घातलंय, शेंगदाण्याचं. फोडनीबी शेंगदाण्याच्याच तेलात हाय. कढीत दही हाय, भाकरीत गहू न्हाय. काय चालत नसंल तर आदी सांगा."

ज्या बाईच्या हातचं मी चौथीपासून जेवलो, ती मला हे विचारत होती. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. पळी धरून ती उत्तरासाठी थांबली होती, आणि मी उत्तर दिल्याशिवाय वाढणार नव्हती.

"सगळं चालतं," मी म्हणालो.

तिनं वाढलं. तेवढ्यात माझ्यापलीकडं एक गडी उशिरा येऊन बसला. ती त्याच्यासमोर गेली, पळी धरली, आणि त्यालाही अगदी तेच, तेवढ्याच शब्दांत सांगायला लागली.